रक्ताच्या बाटलीपासून माणसापर्यंत : एच.आय.व्ही. चाचणीची वाटचाल

एड्सचा पाठ संपला की दोन प्रश्न हमखास येतात, आणि तेही तास सुटल्यावर, हळू आवाजात. 'एकदाच संबंध आला तर लागण होते का?' आणि 'चाचणी करावी का?' उत्तरे अवघड नाहीत, पण ऐकणाऱ्याच्या मनात भीती घर करून असते. ती कोठून आली हे समजण्यासाठी आपण या चाचणीचा इतिहास पाहू.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांना झालेल्या दुर्मिळ न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध झाली. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनुसी, ल्यूक माँतान्ये आणि सहकाऱ्यांना याचा विषाणू सापडला. मार्च १९८५ मध्ये अमेरिकेत 'एलायझा' चाचणीला परवाना मिळाला. ती मुळात रक्तपेढ्यांसाठी होती. बाटलीतले रक्त रुग्णाला द्यावे की टाकून द्यावे, एवढेच तिने सांगायचे होते.

ही चाचणी विषाणू शोधत नव्हती; शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे शोधत होती. ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. या मधल्या काळाला 'विंडो पीरियड' म्हणतात. या काळात रक्तात विषाणू भरपूर असतात, पण चाचणीत काहीच दिसत नाही. शंका आलेली माणसे केवळ तपासणी व्हावी म्हणून रक्तदान करू लागली, तर असे रक्त रुग्णापर्यंत पोचण्याचा धोका होता. म्हणून अमेरिकेत १९८५ मध्येच रक्तपेढ्यांबाहेर वेगळी चाचणी केंद्रे उघडण्यात आली.

भारतात तेव्हा 'हा परदेशातला रोग' असाच समज होता. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने शेकडो जणांचे रक्त तपासले होते आणि एकातही दोष आढळला नव्हता. १९८५ च्या अखेरीस मद्रास मेडिकल कॉलेजातील डॉ. सुनीती सॉलोमन यांनी आपल्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांना हाच विषय प्रबंधासाठी सुचवला. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. निर्मला यांनी वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या रक्ताचे ऐंशीहून अधिक नमुने जमवले, घरच्या फ्रिजमध्ये ठेवले आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेले. फेब्रुवारी १९८६ मध्ये त्यांतील सहा नमुन्यांत लागण दिसली. पुढे अमेरिकेत फेरतपासणी झाली, तेव्हाही निष्कर्ष कायम राहिला.

भारतातील साथीचा हा पहिला पुरावा. पण ज्यांचे रक्त घेतले, त्या स्त्रियांना तपासणी कशाची आहे हे सांगितलेले नव्हते. चाचणी अजून माणसाची झालीच नव्हती. गोव्यात १९८९ साली याचे कठोर रूप दिसले. डॉमिनिक डिसोझा हे रक्तदाते. त्यांच्या रक्तात लागण आढळली, म्हणून तेव्हाच्या कायद्यानुसार त्यांना एका जुन्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस अडकवून ठेवण्यात आले. तपासणीचे बक्षीस जर कोंडवाडा असेल, तर स्वतःहून कोण पुढे येईल?

हे चित्र दोन गोष्टींनी पालटले. पहिली म्हणजे औषध. १९९६ पासून संयुक्त औषधोपचार रुजले आणि १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने ते मोफत देण्यास सुरुवात केली. सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र होता. २०११ साली नऊ देशांतील १७६३ जोडप्यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. उपचार लवकर सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसले. पुणे आणि चेन्नई येथील केंद्रे या अभ्यासात होती. दुसरी गोष्ट म्हणजे कायदा. २०१७ च्या कायद्याने, जो सप्टेंबर २०१८ मध्ये अमलात आला, समजावून सांगून घेतलेली संमती आणि गुप्तता बंधनकारक केली.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. उपचार न घेणाऱ्या बाधित जोडीदाराशी निरोधाविना एकदा योनिसंबंध आल्यास लागणीची सरासरी शक्यता स्त्रीला दहा हजारांत सुमारे ८, तर पुरुषाला सुमारे ४ असते. गुदसंबंधात स्वीकारणाऱ्या व्यक्तीला ती सुमारे १३८ असते. आकडे लहान दिसतात, पण लागण नेमकी कितव्या वेळी होईल हे सरासरी सांगत नाही. जननेंद्रियावर व्रण असेल किंवा जोडीदाराला नुकतीच लागण झाली असेल, तर धोका बराच वाढतो. चुंबन, एकत्र जेवण, डास यांमुळे लागण होत नाही. आणि जोडीदाराच्या चेहऱ्यावरून काहीही कळत नाही.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे : शंका असेल तर चाचणी करावी, मात्र वेळ पाहून. संबंध येऊन ७२ तास उलटले नसतील तर लगेच डॉक्टरांकडे जावे; लागण टाळणारी औषधे तोवरच सुरू करता येतात, आणि जितकी लवकर तितकी बरी. आजच्या प्रयोगशाळेतील चाचण्या प्रतिपिंडांबरोबर विषाणूचे प्रथिनही शोधतात, त्यामुळे सुमारे ४५ दिवसांत बहुतेक लागण कळते. केवळ प्रतिपिंडे शोधणारी चाचणी असेल तर तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी. दुसऱ्या दिवशी आलेला 'निर्दोष' अहवाल काहीच सिद्ध करत नाही. सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत ही सोय मोफत आहे. १०९७ या दूरध्वनीवरही माहिती मिळते.

हळू आवाजात प्रश्न विचारणाऱ्याला आपण एवढे नक्की सांगू शकतो : बाटलीसाठी जन्मलेली ही चाचणी आज तुझ्यासाठी आहे, आणि तिच्यापुढे आता कोंडवाडा नाही, उपचार आहे.