गॉसने चुना का वगळला?

संशोधनाचा आराखडा लिहिताना 'व्याप्ती आणि मर्यादा' हा मथळा आपण बहुतेक वेळा शेवटी, घाईघाईत भरतो. काय अभ्यासणार नाही ते दोन ओळींत सांगायचं आणि मोकळं व्हायचं. त्या दोन ओळींचं मोल कळावं म्हणून आज एक जुनं उदाहरण बघू: काचेच्या टाकीत समुद्र टिकवण्याचं.

1846 साली ॲना थिन यांनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला घरी आणले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी अर्धा-पाऊण तास ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत बसायची. पुढे त्यांनी पाण्यात समुद्री शेवाळही ठेवलं. प्राणवायूचा प्रश्न बराचसा सुटला. पण किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांनी समुद्राचं पाणी आणायचं कुठून?

फिलिप हेन्री गॉस या निसर्ग-अभ्यासकाने 1854 मध्ये त्यावर उपाय छापला. ब्रायटनजवळच्या समुद्राच्या पाण्याचं रासायनिक पृथक्करण आधीच झालेलं होतं. ते समोर ठेवून त्याने चार क्षार निवडले: साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. कॅल्शियम कार्बोनेट अगदी थोडं असतं, म्हणून वगळलं. कॅल्शियम सल्फेट थोडं असतं आणि सहजी विरघळत नाही, म्हणून तेही वगळलं. त्या पाण्यात त्याचे प्राणी आणि शेवाळ कित्येक आठवडे छान राहिले.

मग गॉस चुकला का? थांबा, इतक्यात निकाल देऊ नका. त्याचा प्रश्न होता, या पाण्यात जीव जगतील का? त्या प्रश्नापुरतं उत्तर बरोबर होतं. शिवाय लंडनचं पाणी मुळात जड, त्यात थोडा चुना असतोच.

पण प्रश्न बदलून बघा: या पाण्यात प्रवाळ वाढेल का? एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात आणि त्यात कॅल्शियम जेमतेम 0.4 ग्रॅम. दगडी प्रवाळाचा सांगाडा मात्र कॅल्शियम कार्बोनेटचाच. समुद्रात हा साठा संपत नाही. बंद टाकीत प्रवाळ वाढेल तसा तो घटत जातो. कॅल्शियम घटतं, सोबत पाण्याची अल्कता घटते आणि वाढ खुंटते.

1970च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी जर्मन वाचकांमध्ये एक उपाय रुजवला. तो आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतलाच आहे: चुन्याची निवळी. निवळीत फुंकलं की ती दुधाळ होते, आणखी फुंकत राहिलं की पुन्हा स्वच्छ होते, कारण कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळतं. टाकीतही तेच घडवायचं असतं. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वापरला जातो आणि कॅल्शियम व अल्कता दोन्ही एकदम भरून येतात. निवळी फार तीव्र असते, म्हणून थेंबथेंब सोडायची, तीही शक्यतो रात्री, कारण प्रकाशसंश्लेषण थांबल्यामुळे तेव्हा पाण्याचा सामू उतरलेला असतो.

आता आपल्या कामाकडे वळू. 'नगण्य' हा शब्द प्रश्नाशी बांधलेला असतो. प्रश्न बदलला की तो पुन्हा तपासावा लागतो. आणि गॉसचं श्रेय हे की काय वगळलं आणि का वगळलं, दोन्ही त्याने छापून ठेवलं. म्हणून तर त्याची निवड आज आपल्याला तपासता येते. तुमच्या आराखड्यातल्या त्या दोन ओळींत कारणंही लिहा. पुढच्याला तिथूनच सुरुवात करता येईल.