‘एमजीबी’चे मागचे ब्रेक बदलताना

इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली ‘एमजीबी’ ही जगातील सर्वाधिक खपलेल्या स्पोर्ट्स कारपैकी एक. पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. रचना साधी, सुटे भाग आजही मिळणारे. त्यामुळे ब्रिटनमधील अनेक हौशी मालक दुरुस्ती घरच्या गॅरेजमध्येच करतात. मात्र ब्रेकच्या कामात हौसेइतकीच शिस्तही लागते.

रचना

या गाडीच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, तर मागच्या चाकांना १० इंच (२५४ मि.मी.) व्यासाचे ड्रम ब्रेक आहेत. प्रत्येक ड्रममध्ये दोन ब्रेक शू असतात. पायाने पेडल दाबले की ब्रेक ऑइलचा दाब व्हील सिलिंडरमधील दट्ट्यांना बाहेर ढकलतो आणि शू ड्रमवर घासतात. सिलिंडरच्या विरुद्ध टोकाला अ‍ॅडजस्टर असतो. लायनिंग झिजले की त्याचा चौकोनी दांडा फिरवून शू पुन्हा ड्रमजवळ आणतात. हँडब्रेकही याच शूंवर, परंतु केबलच्या साह्याने चालतो.

सुरुवातीच्या गाड्यांत चारही चाकांसाठी ऑइलचा एकच मार्ग होता. अशा गाडीत मागच्या एका सिलिंडरचे रबरी सील फाटले, तर चारही चाकांचे ब्रेक निकामी होऊ शकतात. किरकोळ वाटणाऱ्या गळतीकडे म्हणूनच दुर्लक्ष करता येत नाही.

लक्षणे

मास्टर सिलिंडरमधील ऑइलची पातळी वारंवार खाली जाणे, पेडल खोल जाणे, हँडब्रेक बराच वर ओढावा लागणे, ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढली जाणे ही प्रमुख लक्षणे होत. टायरच्या आतल्या बाजूस ओल दिसल्यास ती कशाची, हे आधी ठरवावे. ब्रेक ऑइल पातळ असते. दाट आणि उग्र वासाचे तेल असेल तर दोष अ‍ॅक्सलच्या ऑइल सीलमध्ये आहे. ते सील न बदलता नवे शू बसविले, तर तेही थोड्याच दिवसांत तेलकट होतील.

काम करताना

गाडी सपाट जागी उभी करून पुढच्या चाकांना अटकण लावावी. केवळ जॅकच्या भरवशावर न राहता अ‍ॅक्सलखाली भक्कम स्टँड ठेवावेत. मग हँडब्रेक सोडावा, अ‍ॅडजस्टर पूर्ण सैल करावा आणि ड्रम काढावा. साध्या चाकांच्या गाडीत ड्रमला दोन स्क्रू, तर तारांच्या चाकांच्या गाडीत चार नट असतात.

आतील धूळ फुंकू नये, हवेच्या झोतानेही उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ब्रिटनमध्ये त्यावर १९९९ मध्ये बंदी आली; पण त्याआधीचे शू अजूनही अनेक गाड्यांत आहेत. ओल्या फडक्याने धूळ टिपून फडके पिशवीत बंद करावे.

स्प्रिंगा कोणत्या भोकांत अडकविल्या आहेत, याचे छायाचित्र घ्यावे आणि एका वेळी एकच बाजू उघडावी. दुसरी बाजू नमुना म्हणून उपयोगी पडते. शू मात्र दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत, अन्यथा गाडी एकीकडे ओढली जाते. ड्रमवर खोल चरे असतील तर तोही बदलावा.

सर्वांत चिवट काम व्हील सिलिंडरचे. तो बॅकप्लेटला मागून एका वक्र क्लिपने धरलेला असतो. जुनी क्लिप पुन्हा वापरू नये. नवी क्लिप बसविताना हब आणि सिलिंडर यांच्यामध्ये लाकडी ठोकळा घट्ट बसवून सिलिंडर बॅकप्लेटला दाबून धरावा. म्हणजे क्लिप खाचेत पूर्ण बसते. पाइपच्या नटासाठी साधा पाना न वापरता पाइपचाच खास पाना घ्यावा. येथील आटे इंची मापाचे आहेत. मिलिमीटर मापाचा नट जबरदस्तीने बसविल्यास आटे खराब होऊन गळती होते.

हवा काढणे आणि जुळणी

नव्या बाटलीतील डॉट ४ प्रकारचे ऑइल वापरावे. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते. कोरड्या स्थितीत त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. हिवाळाभर बंद राहणाऱ्या गाडीत याच ओलाव्याने सिलिंडर गंजतात. त्यामुळे दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे इष्ट. सिलिकॉनचे डॉट ५ ऑइल यात मिसळू नये. ऑइल रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

हवा काढून झाल्यावर चाक अडेपर्यंत अ‍ॅडजस्टर घट्ट करावा आणि चाक मोकळे फिरेल इतकाच मागे घ्यावा. पेडल दोन-चार वेळा जोराने दाबून शू मध्यावर येऊ द्यावेत व चाक पुन्हा तपासावे. हँडब्रेकची केबल त्यानंतरच जुळवावी. शू सैल असताना केबल ताणून हँडब्रेक ‘घट्ट’ केला, तर मूळ दोष झाकला जातो.

शेवटी पेडल मिनिटभर दाबून धरावे. ते हळूहळू खाली गेले तर कोठेतरी गळती आहे. पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात मारावी. परतल्यावर प्रत्येक जोड पुन्हा पाहावा. इंजिनाने दगा दिला तर गाडी रस्त्याकडेला थांबते. ब्रेकने दिला तर ती थांबतच नाही. म्हणूनच शंका उरली असेल, तर गाडी जाणकार कारागिराच्या हाती द्यावी.