हृदयनिकामीतील उपशामक सेवा (अतिदक्षता विभाग)

हृदय निकामी होण्याच्या अंतिम अवस्थेतील रुग्णाचा त्रास कमी करण्यासाठी अतिदक्षता विभागात दिली जाणारी वैद्यकीय, मानसिक व कौटुंबिक आधाराची सेवा.

या सेवेचा उगम कर्करोग-शुश्रूषेत आहे. डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस (मरणासन्न रुग्णांचे शुश्रूषागृह) सुरू केले. मुंबईत १९८६ मध्ये शांती आवेदना सदन हे हॉस्पिस उभे राहिले. हृद्‌रोगात मात्र उपशामक सेवेचा स्वीकार उशिरा झाला. कर्करोगाच्या तुलनेत हृदय निकामी होण्याच्या विकाराचा चढउतार अनिश्चित असल्याने अखेरचा टप्पा ओळखणे अवघड जाते.

धाप, वेदना, सूज व अस्वस्थता ही प्रमुख लक्षणे होत. धापेवर अल्प मात्रेत मॉर्फीन देतात; मूत्रपिंडे मंदावली असल्यास त्याचे अवशेष शरीरात साचतात, म्हणून फेंटानिल निवडतात. सूज उतरवण्यासाठी मूत्रल औषधे अखेरपर्यंत चालू ठेवता येतात. हृदयाची घातक लय झटक्याने सुधारणारा, छातीत बसवलेला डिफिब्रिलेटर मृत्युसमयीही विजेचे झटके देऊ शकतो. त्यामुळे रुग्णाच्या किंवा कुटुंबाच्या संमतीने त्याचे झटके प्रोग्रॅमर या बाह्य उपकरणाद्वारे बंद करतात. तातडीच्या वेळी त्यावर चुंबक ठेवल्यास झटके सहसा थांबतात, पेसिंग (हृदयाचे ठोके विद्युत्‌संकेताने चालू ठेवणे) मात्र चालू राहते (पाहा : पेसमेकर).

अखेरच्या टप्प्यात कृत्रिम आधार काढण्याबाबत भारतात सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी निष्क्रिय दयामरण (जीवरक्षक उपचार थांबवून मृत्यू येऊ देणे) व आगाऊ वैद्यकीय निर्देश (भावी उपचारांबाबत रुग्णाने आधीच लिहून ठेवलेली इच्छा) मान्य केले आणि २०२३ मध्ये कार्यपद्धती सुलभ केली. निर्देश नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकित होतात; कृत्रिम आधार काढण्याचा निर्णय प्राथमिक व दुय्यम अशा दोन वैद्यकीय मंडळांकडून तपासला जातो (पाहा : दयामरण, वैद्यकीय नीतिशास्त्र).