काम गावाजवळ हवं

परवा वडगाव रासाईला गेलो होतो. रासाईदेवीचं दर्शन घेतलं आणि नदीकडे निघालो. शिरूर तालुका इथे संपतो, भीमेच्या पलीकडे दौंड. दोन्ही काठांवर नजर जाईल तिथवर ऊस! हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे, इथे दुष्काळ पडायचे, हे सांगूनही खरं वाटू नये.

वाटेत एक आजी भेटल्या. बहात्तरच्या दुष्काळाचा विषय मीच काढला. म्हणाल्या, "खडी फोडली, सुकडी खाल्ली, पण गाव न्हाय सोडलं बाबा."

हे शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. कारण त्याच्या आधीच्या शतकातली गोष्ट अगदी उलटी होती.

१८७६ साली दख्खनमध्ये पावसाने दगा दिला. पुढची दोन वर्षं फार वाईट गेली. सरकारने दुष्काळी कामं काढली. दौंड-मनमाड रेल्वे त्यातलीच, ती १८७८ मध्ये सुरू झाली. आपण आज त्या गाडीत बसून भेळ खातो, पण तिच्या भरावाची माती कुणाच्या डोक्यावरून वाहिली गेली हे आठवत नाही. १८७७ च्या सुरुवातीला रिचर्ड टेंपल साहेबांच्या धोरणानुसार मजुरी कापली गेली. पुरुषाला दिवसाला एक रतल धान्याची किंमत आणि वर एक आणा. शिवाय गावाजवळची छोटी कामं सोडून लांबच्या मोठ्या कामांवर जा, असा हुकूम. खरा गरजू असेल तो लांबही जाईल, असा त्यामागचा हिशेब! हजारो मजुरांनी जायला चक्क नकार दिला. उपाशी माणसांनी केलेला संप होता तो. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने सरकारकडे अर्जांवर अर्ज करत होती.

मजुरांचं म्हणणं साधं होतं. पोटापुरती मजुरी द्या, आणि काम गावाजवळ द्या. गाव सुटलं की घर, जनावरं, शेत सगळंच सुटतं, मग पाऊस आला तरी पेरायला कोण परत येणार?

१९७२-७३ मध्ये हे बऱ्याच अंशी मिळालं. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते. मिलो खाऊन लोक जगले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. संपानंतर बरोबर शंभर वर्षांनी! पुढे २००५ च्या केंद्राच्या कायद्यात काम पाच किलोमीटरच्या आत देण्याची अट आली, लांब असेल तर दहा टक्के जास्त मजुरी.

मग धरणं झाली, भीमेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले, न्हावऱ्याला आणि पाटसला साखर कारखाने निघाले. बाजरी-ज्वारीच्या जागी ऊस आला. उसाबरोबर बिबट्याही आला. दाट सावली, पाणी, कुत्री-शेळ्या... त्याला आणखी काय हवं? माद्या आता उसातच वितात. त्यातल्या कित्येक पिल्लांनी जंगल पाहिलेलंही नसतं. माणसाने दुष्काळावर शोधलेला उपाय त्या जनावराने आपलं घर करून टाकला.

हा ऊस तोडायला येतं कोण? बरेचसे बीडकडचे लोक. तिकडे कोरडवाहू शेतीवर वर्ष निघत नाही म्हणून दिवाळीच्या सुमारास गाव सोडून निघतात. फडाशेजारी कोप्या घालतात. पहाटेच्या अंधारात आई-बाप कोयते घेऊन फडात शिरतात, पोरं कोपीत निजलेली असतात. बिबट्या त्याच फडात असतो.

आमच्याकडचा दुष्काळ हटला असं आपण म्हणतो. खरं आहे. पण ज्या गोष्टीसाठी १८७७ मध्ये उपाशी माणसं अडून बसली, ती या कोपीतल्या माणसाला अजून मिळालेली नाही.

आजींनी निरोप देताना बजावलं, "दिवस मावळायच्या आत नीघ, उसाच्या कडंनं चालू नगंस."

निघालो. कोप्यांमध्ये चुली पेटत होत्या.