अष्टकोनाचं मूळ गाव

भाटघरच्या जलाशयाकाठी आणि गुंजवणीच्या खोऱ्यात आता पुण्या-मुंबईकडच्यांचे बंगले उभे राहिलेत. मी भोरमध्ये घरसजावटीची कामं घेते. खिडकीतून पाणी दिसतं म्हटल्यावर दिवाणखान्यात नांगर, सुकाणूचं चाक, दोरखंड आणि निळे-पांढरे पट्टे हवेत, अशी मागणी हमखास येते. ही सगळी शैली युरोपच्या बंदरांतून आली. १७४८ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या अधिकाऱ्यांना निळा गणवेश मिळाला. १८५८ मध्ये फ्रेंच आरमाराने खलाशांसाठी पट्ट्यांचा सदरा ठरवून दिला. पुढे तोच सदरा जगभरच्या फॅशनमध्ये रुळला.

ती शैली देखणी आहे. पण समुद्राशी नातं सांगणारी एक आकृती आपल्या मातीतही आहे, आणि ती इथल्या घरांत दिसावी असं मला मनापासून वाटतं.

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली, त्याच दिवशी नौदलाच्या नव्या ध्वजाचं अनावरण झालं. सेंट जॉर्जचा लाल क्रूस गेला आणि दुहेरी सोनेरी कडांचा निळा अष्टकोन आला. त्या कडा शिवाजी महाराजांच्या अष्टकोनी राजमुद्रेवरून घेतल्या आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये ॲडमिरलांच्या खांद्यावरच्या पट्ट्यांवरही तलवार आणि दुर्बिणीबरोबर अष्टकोन आला.

महाराजांची ही मुद्रा असलेल्या सर्वांत जुन्या उपलब्ध पत्रांपैकी एक आहे २८ जानेवारी १६४६ चं, आणि त्याचा विषय आहे भोर तालुक्यातल्या रांझे गावचा पाटील. त्याने बाईशी गैरवर्तन केलं, म्हणून महाराजांनी त्याचे हातपाय तोडवले आणि पाटीलकी काढून घेतली. तेव्हा स्वराज्याकडे आरमार नव्हतं. ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आली आणि खाडीत जहाजं बांधण्याची वाट मोकळी झाली. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं, तेव्हा राजधानी होती भोरजवळचा राजगड. समुद्राचा कारभार त्या काळी या डोंगरातून चालत होता.

जहाजाच्या लाकडाचाही तेव्हा विचार होता. आरमारासाठी सागवान परवानगीने तोडावं, रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, असं रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त बजावलं आहे. म्हणून मी जुन्या वाड्यांतून निघालेलं सागवान वापरते. त्याच्या चौकटीत एक अष्टकोनी आरसा, कडेला पितळेच्या दोन बारीक पट्ट्या आणि एकाच भिंतीला गडद निळा रंग. खोलीला एवढं पुरतं. कपड्यांतही तेच. गडद निळ्या इरकलीला बारीक दुहेरी सोनेरी काठ असला, की वेगळा नांगर भरायची गरज उरत नाही.

दोन गोष्टी मात्र मी करून देत नाही. नौदलाच्या ध्वजावरचं सिंहांचं राष्ट्रचिन्ह शोभेसाठी वापरायला २००५ च्या कायद्याने मनाई आहे. आणि महाराजांच्या मुद्रेतली अक्षरं उशीवर किंवा पायपुसण्यावर छापणं मला पटत नाही. ती मुद्रा जहाजांच्या आधी एका बाईला न्याय देणाऱ्या कागदावर उमटली होती. घरात अष्टकोन लावताना मालकाला हा इतिहास सांगणं मी माझ्या कामाचाच भाग मानते.