साष्टीचा देखावा आणि त्याचे चित्रकार

ठाण्याच्या खाडीच्या बाजूने पश्चिमेकडे दृष्टी टाकली म्हणजे साष्टीच्या डोंगरांची हिरवी रांग दिसते. त्या डोंगरांच्या पोटात कान्हेरीची लेणी आहेत. हा देखावा आगगाडीच्या खिडकीतून नित्य सहस्रावधी लोक पाहतात. परंतु सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी याच प्रदेशात एका चित्रकाराची दृष्टी पालटली व याच प्रदेशात त्याच्या आयुष्याची दोरी तुटली, ही हकीकत फार थोड्यांना ठाऊक आहे.

त्या चित्रकाराचे नाव जेम्स वेल्स. त्याचा जन्म १७४७ साली स्कॉटलंडातील पीटरहेड या गावी झाला. अॅबर्डीन येथील मॅरिशल कॉलेजात त्याचे विद्याध्ययन झाले. चित्रकला मात्र त्याने बव्हंशी स्वतःच्या मेहनतीने साध्य केली. १७९१ साली तो मुंबईस उतरला तो तसबिरी काढणारा म्हणून. पुणे दरबारातील इंग्रजांचा वकील सर चार्ल्स मॅलेट याचा आश्रय त्याला लाभला आणि सवाई माधवराव पेशवे, नाना फडणवीस, महादजी शिंदे अशा थोर पुरुषांच्या तसबिरी त्याच्या हातून उतरल्या. नाना फडणवीसांची मुद्रा आज महाराष्ट्राच्या परिचयाची आहे, याचे पुष्कळसे श्रेय वेल्सच्या कुंचल्याला दिले पाहिजे.

परंतु तसबीर निराळी आणि सृष्टीचा देखावा निराळा. तसबिरीसाठी माणूस समोर स्थिर बसतो. देखाव्यातील ऊन कोणाच्या विनंतीवरून थांबत नाही. जवळचे झाड गडद, मधले शेत फिके आणि दूरचा डोंगर निळसर धुरकट दाखवावा, तेव्हा कोठे कागदावर कोसाचे अंतर उमटते. हे ज्ञान नुसत्या निरीक्षणाने क्वचितच येते. ज्याचा हात त्यात मुरलेला आहे अशाच्या शेजारी बसावे लागते.

तशी संधी वेल्सला १७९३ साली आली. टॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे दोघे सात वर्षे हिंदुस्थानभर हिंडून त्या वर्षी मुंबईस आले. कॅमेरा ऑब्स्क्युरा नावाच्या पेटीत समोरच्या दृश्याचे प्रतिबिंब घेऊन ते त्यावरून अचूक आराखडा उतरवीत, मग त्यावर रंगाचे पातळ हात देत. हे दोघेही कोणाचे तरी ऋणी होतेच. त्यांच्यापूर्वी विल्यम हॉजेस या चित्रकाराने हिंदुस्थानातील देखाव्यांचा संग्रह १७८५ ते १७८८ या काळात प्रसिद्ध केला होता. हॉजेसने रंगविलेल्या स्थळी डॅनियल जात आणि त्याचे चित्र प्रत्यक्षाशी ताडून पाहत. तो हॉजेस रिचर्ड विल्सन या नामांकित निसर्गचित्रकाराचा शिष्य. अशी ही परंपरा हातोहात चालत मुंबईच्या बंदरापर्यंत पोहोचली होती.

वेल्स या चुलत्या-पुतण्यांबरोबर घारापुरीस व साष्टीतील लेण्यांत गेला. कान्हेरीचे चैत्यगृह हे चित्रकाराच्या कसोटीचे स्थळ आहे. सुमारे ८६ फूट लांब आणि ४० फूट रुंद असा तो कोरीव मंडप. दोन्ही अंगांना खांबांच्या रांगा. उजेड येतो तो दर्शनी बाजूने. खांब दूर जातात तसे लहान होत गेले पाहिजेत, आणि अंधार काळा न होता अंधारच राहिला पाहिजे. डॅनियल त्या वर्षीच विलायतेकडे परतले. वेल्स मात्र लेण्यांच्या नादी लागला तो कायमचा. मुंबई बेटाचे व आसमंताचे त्याने काढलेले बारा देखावे त्याच्या मरणानंतर, १८०० साली, लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. तसबिरीवाला वेल्स आणि या देखाव्यांचा वेल्स यांच्यामध्ये साष्टीची पायपीट आहे.

या कथेत आणखी एक पुरुष आहे आणि तो महाराष्ट्रीय आहे. मॅलेटच्या खटपटीने पुण्यास शनिवारवाड्यात एक चित्रशाळा निघाली होती. तीत गंगाराम चिंतामण तांबट हा तयार झाला. वेल्सने पुण्यात पाऊल टाकण्यापूर्वीच, नोव्हेंबर १७९० मध्ये, त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे चित्र काढले होते. म्हणजे तो कोऱ्या पाटीचा शिष्य नव्हता. रेषेवर त्याची हुकमत अगोदरच होती. वेल्सच्या सहवासात त्याला मिळाली ती छायाप्रकाशाची व दूर-जवळ दाखविण्याची युरोपीय रीत. पुण्याच्या पर्वतीचा देखावा आणि वेरूळच्या लेण्यांची चित्रे यांत त्याची ही जोड-विद्या दिसून येते. देणेघेणे एकाच बाजूचे नव्हते. ज्या मूर्ती परदेशी चित्रकाराला केवळ विचित्र आकृती वाटाव्या, त्या गंगारामाच्या घरच्या देवदेवता होत्या. अशा सहकाऱ्यावाचून वेल्सचे काम पुष्कळच अवघड झाले असते.

१७९५ चे साल उभयतांना घातक ठरले. ऑक्टोबरात सवाई माधवरावांचा अकाली अंत झाला आणि पुणे दरबार वारसाच्या कलहात सापडला. पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबरात, साष्टीतील लेण्यांच्या कामात असतानाच वेल्स तापाने मरण पावला. त्याच्या मृत्यूचे स्थळ म्हणून ठाण्याचे नाव सांगितले जाते. वय अवघे अठ्ठेचाळीस. मॅलेटने पुढे १७९९ साली वेल्सच्या सुझाना या कन्येशी विवाह केला. १८०३ साली वेरूळच्या लेण्यांचे चोवीस देखावे लंडनमध्ये ग्रंथरूपाने निघाले. मुखपृष्ठावर चित्रे वेल्सची आणि कोरीव काम टॉमस डॅनियलच्या देखरेखीखालचे, असे लिहिले आहे. गंगारामाचे नाव तेथे नाही.

पुढे काळ बदलला. १८५७ साली मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून चित्रशाळा निघाली. १८६८ साली त्या शाळेच्या जॉर्ज टेरीच्या हाताखालची मंडळी कल्याणजवळील अंबरनाथच्या शिवालयाची रेखाचित्रे व साचे घेण्यास गेली. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले ते देवालय. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांसह अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी होता. जुन्या कारागिरांचे काम डोळ्यांसमोर ठेवून, जाणत्या माणसाच्या शेजारी बसून शिकण्याची जी रीत वेल्स व गंगाराम यांनी अनुसरली, तीच आता शाळेचा शिरस्ता झाली.

दुसऱ्यापासून शिकणे यात कलावंताला कमीपणा नाही. हॉजेसपासून डॅनियल शिकले, डॅनियलांपासून वेल्स शिकला, वेल्सपासून गंगाराम आणि गंगारामापासून वेल्स. कमीपणा असेल तर तो ऋण लपविण्यात आहे. इतिहाससंग्राहक द. ब. पारसनीस यांनी १९२१ साली पुण्यावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात शनिवारवाड्यातील चित्रशाळेची व गंगारामाची आठवण जागविली. आज त्याची चित्रे अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात त्याच्या नावानिशी जतन केलेली आहेत. मुखपृष्ठाने जे नाव गाळले, ते अखेर त्याच्या स्वतःच्या कागदांनीच राखले. साष्टीच्या डोंगरांकडे पाहताना वेल्सची आठवण व्हावी हे योग्यच. परंतु त्या आठवणीत पुण्याच्या तांबटालाही जागा असली पाहिजे.