डेंग्यूच्या रुग्णालयीन मृत्यूंची मीमांसा : मनिला ते सांतियागो

डेंग्यू हा क्लेशदायक, परंतु सहसा प्राण न घेणारा ज्वर म्हणून वैद्यकास दीर्घकाळ परिचित होता. ‘हाडमोड्या ताप’ या त्याच्या नावात वेदनेचा निर्देश आहे, मृत्यूचा नाही. त्यामुळेच १९५४ च्या सुमारास मनिलातील रुग्णालयांत ताप व रक्तस्राव होऊन मुले दगावू लागली, तेव्हा त्या विकारास डेंग्यू न म्हणता ‘फिलिपीन रक्तस्रावी ज्वर’ असे स्वतंत्र नाव देण्यात आले. विल्यम हॅमन यांनी १९५६ मध्ये अशा रुग्णांपासून डेंग्यूचेच विषाणू वेगळे केले. त्यांतून तिसरा व चौथा हे दोन नवे प्रकार ज्ञात झाले. पुढे १९५८ मध्ये बँकॉकला हीच साथ उद्भवली आणि दाखल झालेल्या मुलांपैकी सुमारे एकदशांश मुले मृत्यू पावली.

‘रक्तस्रावी’ हे विशेषण मात्र दिशाभूल करणारे ठरले. मृत्यूचे कारण सांडलेल्या रक्तात शोधले जाऊ लागले. बँकॉकच्या बालरुग्णालयात सुचित्रा निम्मान्नित्य व त्यांचे सहकारी यांनी १९६० नंतरच्या दशकात रुग्णशय्येपाशी केलेल्या निरीक्षणांतून निराळेच चित्र पुढे आले. रक्तस्रावाने रक्तातील पेशींचे घनप्रमाण घटावयास हवे. या मुलांत ते वीस टक्के वा त्याहून अधिक वाढलेले आढळे. याचा अर्थ असा की, केशवाहिन्यांतून रक्तद्रव पाझरून फुप्फुसावरणाच्या व उदराच्या पोकळीत साचत होता आणि मागे राहिलेले रक्त दाट होत होते. तेही नेमके ताप उतरण्याच्या सुमारास. आप्तांना हायसे वाटावे अशा त्या घटकेस नाडी क्षीण होई, वरच्या व खालच्या रक्तदाबांतील अंतर वीस मिलिमीटरपर्यंत आकसे आणि मूल शॉकमध्ये जाई. ज्वराची तीव्रता हा मृत्यूचा निदर्शक नव्हे, ज्वर ओसरल्यानंतरची देखरेख निर्णायक होय, हा या संशोधनाचा गाभा. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ च्या मार्गदर्शिकेस याच निरीक्षणांचा आधार होता. वेळीच द्रव भरून काढणाऱ्या अनुभवी रुग्णालयांत मृत्युप्रमाण पुढे एक टक्क्याच्याही खाली आले.

तथापि या उपचारातूनच मृत्यूचे एक नवे कारण निपजले. रक्तद्रवाचा पाझर एक-दोन दिवसांत आपोआप थांबतो आणि साचलेला द्रव पुन्हा रक्तवाहिन्यांत परततो. त्या वेळीही शिरेतून द्रव देणे चालूच राहिले, तर फुप्फुसांत पाणी होते. येथे रुग्णालयीन कोष्टके सावधपणे वाचावी लागतात. अधिक द्रव मिळालेला रुग्ण दगावला, तर द्रव हे कारण की मुळातल्या गंभीरतेचे केवळ चिन्ह, हे आकड्यांवरून उमगत नाही. बिंबाणूंची कथाही अशीच आहे. त्यांची संख्या घटली की ते बाहेरून देण्याचा प्रघात बराच काळ टिकला. परंतु २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सिंगापूर व मलेशिया येथील प्रौढ रुग्णांवरील चाचणीत त्यामुळे रक्तस्राव टळत असल्याचे दिसले नाही.

शॉक कोणास येतो, हा प्रश्न वेगळा. बँकॉकमध्येच काम केलेल्या स्कॉट हॉलस्टेड यांनी असे प्रतिपादन केले की, एका प्रकाराच्या संसर्गाने निर्माण झालेली प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकाराच्या विषाणूस अटकाव करण्याऐवजी त्याचा पेशींतील प्रवेश सुलभ करतात. मातेकडून प्रतिपिंडे लाभलेली तान्ही मुले पहिल्याच संसर्गात गंभीर होतात, याचाही उलगडा त्यातून होई. या उपपत्तीची कसोटी क्यूबात लागली. तेथे १९७७ मध्ये पहिल्या आणि १९८१ मध्ये दुसऱ्या प्रकाराची साथ आली. दुसऱ्या साथीत ३,४४,२०३ रुग्ण नोंदले गेले व १५८ दगावले. त्यांपैकी १०१ मुले होती. एक लाख सोळा हजारांहून अधिक रुग्णांना दाखल करून घेण्यात आले होते. अर्थात हे मृत्युप्रमाण बँकॉकच्या १९५८ च्या प्रमाणाशेजारी मांडणे धाडसाचे होईल, कारण दाखल करण्याचा उंबरठाच निराळा होता.

पुढे क्यूबा सुमारे सोळा वर्षे डेंग्यूमुक्त राहिला. १९९७ मध्ये सांतियागो दे क्यूबा येथे दुसरा प्रकार पुन्हा अवतरला, तेव्हा बारा मृत्यू झाले व ते सर्व प्रौढांचे होते. १९८१ नंतर जन्मलेल्या मुलांना हा पहिलाच संसर्ग होता आणि तो त्यांना सौम्य गेला. वीस वर्षांपूर्वी पहिल्या प्रकाराने बाधित झालेले मात्र गंभीर झाले. विषाणूचा प्रकार तोच, बेटही तेच. परंतु ‘वय’ या घटकाचा अर्थ उलटला. १९८१ च्या मृतांची छाननी करताना दमा, मधुमेह व सिकलसेल विकार यांचा संबंध क्यूबन संशोधकांनी दर्शविला होता. रुग्ण प्रौढ झाले की जुनाट व्याधींचे वजन सहजच वाढते. त्यामुळे एखाद्या रुग्णालयाच्या कोष्टकात वय वा मधुमेह यांना किती महत्त्व द्यावे, हे त्या गावात पूर्वी कोणत्या वर्षी कोणता प्रकार येऊन गेला, हे पाहूनच ठरवावे लागते.